वर्गणीच्या पैशांवर डॉक्टर झालेल्या रखमाबाई

डॉ. रखमाबाई म्हटलं की लोकांना आठवतो तो कोर्टातला खटला. पण खटला मिटल्यावर त्यांच्या डॉक्टरीच्या शिक्षणाला पैसा कुठून आला, हे फारसं कुणी सांगत नाही.

जन्म १८६४ चा, मुंबईत, सुतार समाजात. वडील लवकर गेले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. रखमाचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लावलं, पण ती नांदायला गेलीच नाही. माहेरीच राहून शिकत राहिली. १८८४ मध्ये दादाजींनी दावा टाकला. तो आधी फेटाळला गेला, पण अपिलात पारडं फिरलं. १८८७ मध्ये हुकूम निघाला, की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या! टिळकांसारखी मोठी माणसंही तेव्हा त्यांच्या विरोधात होती. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी नाद सोडला.

आता शिकायचं कसं? इथे एडिथ पीची नावाच्या इंग्रज डॉक्टर मदतीला आल्या. त्या मुंबईत कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. या बाईंची स्वतःची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १८७० मध्ये एडिंबरोत रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्या पहिल्यांदा बसलेल्यांत पहिल्या आल्या. होप शिष्यवृत्ती त्यांच्या हक्काची होती. पण त्या बाई, म्हणून ती त्यांच्यापेक्षा कमी मार्कांच्या मुलांना दिली गेली. ज्यांची शिष्यवृत्ती अशी गेली, त्यांनीच रखमाबाईंसाठी पैसा उभा करायला पुढाकार घेतला. रखमाबाईंची हिंमत पाहून इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनीही ५०० रुपये दिले. आता निदान महाडीबीटीवर अर्ज तरी भरता येतो. तेव्हा असलं काही नव्हतं, ओळखीपाळखीतूनच वर्गणी जमवावी लागे. नीटला मार्क पडूनही फीपायी अडलेल्या मुलीच्या आईबापांना हे वेगळं सांगायला नको.

१८८९ मध्ये त्या विलायतेला गेल्या आणि लंडनच्या महिला मेडिकल कॉलेजात शिकल्या. १८९४ मध्ये ब्रुसेल्सची एम.डी. मिळाली. पुढच्याच वर्षी त्या परत आल्या.

मोबाईलवर त्यांना देशातली पहिली डॉक्टर म्हणून फिरवतात. तसं नाही, कलकत्त्यात कादंबिनी गांगुली त्यांच्या आधी प्रॅक्टिस करत होत्या. पण रखमाबाईंचं मोठेपण नंबरात नाहीच. मुंबईत बसून नाव कमावण्याऐवजी त्यांनी सुरत धरलं, मग राजकोट. तिथल्या बायकांच्या दवाखान्यांत तीसेक वर्षं काढली. त्या काळी पुरुष डॉक्टरकडे जाणंच कित्येक बायकांना मंजूर नव्हतं. आणि ज्या नवऱ्याकडे त्या कधी नांदल्या नाहीत, तो १९०४ मध्ये वारल्यावर त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसली. का, ते त्यांनाच ठाऊक.

निवृत्तीनंतर त्यांनी पडद्याच्या चालीविरुद्ध लिहिलं. १९५५ मध्ये नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या.