नामदार गोखले आणि सात कोटींची शिल्लक

बेळगावहून कोल्हापूरकडे जाताना निपाणी मागे पडली की थोड्याच वेळात कागल लागते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे बालपण या कागलात गेले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. वडील कृष्णराव कागलास नोकरीला होते. १८७९ साली ते वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील ८ रुपये ते दरमहा धाकट्या भावाला पाठवू लागले. या ८ रुपयांत महिना निभावणाऱ्या मुलाला जमाखर्चाचा पहिला धडा तेव्हाच मिळाला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होऊ नये.

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात काही काळ शिकून गोखले १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. पुढे पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन कॉलेज येथे त्यांनी अध्यापन केले. शाळेसाठी त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक फार चालले. याच काळात ते न्यायमूर्ती रानडे यांच्या सहवासात आले. रानडे त्यांच्याकडून सरकारी अहवाल वाचून घेत, टिपणे लिहवून घेत आणि आकड्यांत चूक दिसली की पुन्हा लिहायला लावत. देशाचा जमाखर्च कसा वाचावा हे गोखले येथे शिकले.

१८९७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील मोठ्या कसोटीचे ठरले. हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास ते विलायतेला गेले. वय अवघे ३० वर्षांचे. तरी साक्ष उत्तम झाली. पण त्याच मुक्कामात पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी प्लेगच्या तपासणीत सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांविषयी वृत्तपत्रातून आरोप केले. परत आल्यावर ते पुराव्याने सिद्ध करण्याची वेळ आली, तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणीही पुढे येईना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. सरकारच्या नजरेतून ते उतरले आणि स्वकीयांनी भित्रा म्हणून हिणवले. ज्याचा पुरावा आपल्या हाती नाही ते बोलू नये, हा धडा त्यांना फार महाग पडला. पण त्यानंतर तो त्यांनी कधी विसरलेला दिसत नाही.

पाच वर्षांनी, २६ मार्च १९०२ रोजी, ते कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते. अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ यांनी सुमारे ७ कोटी रुपयांची शिल्लक दाखवली होती आणि सभासद त्यांचे अभिनंदन करीत होते. शिल्लक आहे म्हणजे देश भरभराटीत आहे, असा सरकारपक्षाचा एकूण सूर होता. रानडे तर वर्षापूर्वीच निवर्तले होते. आकड्यांच्या कामी गोखल्यांना साह्य केले ते गणेश व्यंकटेश जोशी या अभ्यासू शाळामास्तरांनी.

गोखल्यांनी अभिनंदनात सामील होण्यास नम्रपणे नकार दिला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन भीषण दुष्काळांतून देश नुकताच निघालेला, प्लेग चालूच; आणि अशा वेळी तिजोरीत एवढा पैसा उरतो कसा, हा त्यांचा प्रश्न होता.

उत्तराचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल असा होता. हिंदुस्थान सरकारला दरसाल विलायतेत व्याज, पेन्शने, लष्करी सामान यांपायी पौंडांत मोठी रक्कम भरावी लागे. रुपयाचा भाव घसरून १३ पेन्सांवर आला, तेव्हा एका पौंडासाठी सुमारे साडेअठरा रुपये पडू लागले. ही तूट भरून काढण्याची निकड सांगत सरकारने कर चढवले होते : १८८६ साली प्राप्तिकर, १८८८ साली मिठावरील कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये, १८९४ साली आयात जकात. पुढे १८९३ च्या टांकसाळबंदीमुळे रुपया सावरला आणि भाव १६ पेन्सांवर स्थिरावला. म्हणजे पौंड १५ रुपयांना मिळू लागला. दर पौंडामागे साडेतीन रुपये वाचले आणि वर्षाकाठी कोट्यवधींची बचत झाली. परंतु अडचणीच्या निमित्ताने बसवलेले कर अडचण सरली तरी उतरले नाहीत. तेव्हा ही शिल्लक म्हणजे रयतेकडून गरजेपेक्षा जास्त वसूल केलेला पैसा होय, असे त्यांनी दाखवून दिले.

दुसरा वाद कर्जाचा होता. शिल्लक उरली की सरकार ती रेल्वेच्या भांडवलाला लावी किंवा तेवढे कर्ज हलके करी. कर्ज फेडणे कोणाही गृहस्थाला शहाणपणाचेच वाटणार. गोखल्यांनी येथे कर्जाकर्जांत भेद केला. रेल्वे आणि पाटबंधारे यांसाठी काढलेले कर्ज आपले व्याज आपणच कमावते. राहता राहिले ते काही परत न देणारे कर्ज. ते हिंदुस्थानात इतर देशांच्या मानाने थोडेच होते. मग आजच्या उपाशी रयतेकडून जादा कर घेऊन ते फेडण्याची घाई कशाला? तो पैसा शाळा, गावोगावचे पिण्याचे पाणी आणि गटारे यांकडे वळवावा, लष्करी खर्चाला आळा घालावा, असे ते दर वर्षी मांडत राहिले.

कौन्सिलात त्या वेळी सभासदांना अर्थसंकल्पावर बोलता येई, मत देता येत नसे. त्यामुळे या भाषणांनी काय साधणार, असे जहाल पक्ष विचारी. आणि तो प्रश्न अगदीच अनाठायी नव्हता. तरी मिठावरील कर १९०३ साली २ रुपये, १९०५ साली दीड रुपया व १९०७ साली १ रुपया झाला. प्राप्तिकराची माफी १९०३ साली ५०० रुपयांवरून १००० रुपयांपर्यंत वाढली. याचे सारे श्रेय एकट्या गोखल्यांना देणे बरोबर होणार नाही. पण सरकारला त्यांचा हिशेब खोडता आला नाही, एवढे निश्चित.

अपयशेही आली. १९११ साली वाढत्या सरकारी खर्चाच्या कारणांची जाहीर चौकशी व्हावी, असा ठराव त्यांनी मांडला. त्याच साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले. पैसा कोठून आणावा, ही त्या बिलावरची एक मोठी हरकत होती. शिल्लक मिरवणाऱ्या सरकारने ती घ्यावी, हे विशेष. मार्च १९१२ मध्ये ते बिल १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, पन्नाशीही न गाठता, गोखले गेले. ज्यांच्याशी जन्मभर मतभेद झाले त्या लोकमान्य टिळकांनी स्मशानभूमीत त्यांचा मनापासून गौरव केला.

आजही अर्थसंकल्प सादर झाला की एक पक्ष त्याला विकासाचा म्हणतो आणि दुसरा कर्जबाजारीपणाचा. दोघांच्याही हातात आकडे असतात. अशा वेळी गोखल्यांचे दोन साधे प्रश्न उपयोगी पडतात : हा पैसा कोणाकडून आला, आणि कर्ज असेल तर ते कशासाठी काढले? ज्या पक्षाकडे आपला ओढा आहे त्यालाही हे प्रश्न विचारता आले पाहिजेत. पुराव्यावाचून बोलल्याची किंमत एकदा मोजलेल्या त्या अंकगणिताच्या मास्तरांनी स्वतःला हीच शिस्त लावून घेतली होती. कागलवरून जाताना त्यांची एवढी आठवण जरी झाली, तरी पुरे.