अमृता शेरगिल

अमृता शेरगिल (३० जानेवारी १९१३ – ५ डिसेंबर १९४१) या आधुनिक भारतीय चित्रकलेच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक चित्रकार होत. स्त्रियांचे मूक, आत्ममग्न चेहरे हा त्यांच्या कलेचा गाभा आहे.

त्यांचा जन्म हंगेरीतील बुडापेस्ट येथे झाला. वडील उमरावसिंग हे मजिठा घराण्यातील शीख सरदार, संस्कृत व फारसीचे व्यासंगी आणि हौशी छायाचित्रकार. आई हंगेरियन गायिका. १९२१ साली कुटुंब सिमल्यास आले. १९२९ मध्ये अमृता पॅरिसला गेल्या व एकोल दे बोझार या कलाशाळेत ल्युसियाँ सिमाँ यांच्या हाताखाली शिकल्या. तेथे त्यांनी आत्मचित्रे, तसेच बहीण इंदिरा व मैत्रिणींची व्यक्तिचित्रे पुष्कळ रंगविली. ‘यंग गर्ल्स’ (१९३२) या चित्राला १९३३ मध्ये पॅरिसच्या सलाँमध्ये सुवर्णपदक मिळाले.

ही चित्रे सफाईदार खरी. परंतु त्यांवर पाश्चात्त्य शिक्षणाची छाप गडद आहे. यश हाती असतानाच १९३४ च्या अखेरीस त्या भारतात परतल्या. ‘तीन मुली’ (१९३५) या चित्रात बदल स्पष्ट दिसतो. भडक रंगांचे कपडे ल्यालेल्या तीन मुली शेजारी बसल्या आहेत, पण कोणी कोणाकडे पाहत नाही, प्रेक्षकाकडेही नाही. पुढे काय वाढून ठेवले आहे हे जणू त्यांना ठाऊक आहे. या चित्रास १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्याआधी सिमल्याच्या कलासंस्थेने काही चित्रे नाकारून एकास पारितोषिक दिले, तेव्हा त्यांनी ते परत केले होते.

१९३६ च्या अखेरीस मुंबईत प्रदर्शन झाले. तेथे कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. त्यानंतर त्यांनी अजिंठा व वेरूळची लेणी पाहिली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील सावळ्या, झुकल्या नजरेच्या स्त्रिया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ‘वधूचा शृंगार’ (१९३७) या चित्रातील नाते वेगळे सांगावे लागत नाही. छायाप्रकाशाचा खेळ येथे कमी होतो, आकार सोपे होतात आणि चेहरे मोजक्या रेषांत बोलू लागतात.

१९३८ मध्ये त्यांनी मावसभाऊ डॉ. व्हिक्टर एगान यांच्याशी विवाह केला व गोरखपूरजवळील सराया येथे संसार मांडला. पहाडी व मुघल लघुचित्रांच्या प्रभावाखालील ‘हळद दळणाऱ्या स्त्रिया’ (१९४०) तेथील. १९४१ मध्ये दांपत्य लाहोरला गेले. प्रदर्शनाच्या तोंडावर अल्पशा आजाराने वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१९७६ मध्ये त्यांच्या चित्रांना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा मिळाला. त्यांचा सर्वांत मोठा संग्रह दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे.