आपल्या रविवारचे मानकरी : नारायण मेघाजी लोखंडे

रविवारी सकाळी आपण पोराबाळांसह विहारात वंदनेला जमतो. ही सुट्टी गोऱ्या सायबाने गिरणीकामगाराला आपणहून दिली, असा आमचाही बरीच वर्षे समज होता. तो चुकीचा निघाला. ती भांडून मिळवली महात्मा फुल्यांच्या एका सत्यशोधक सहकाऱ्याने. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. रेल्वे व पोस्टात नोकरी करून पुढे ते मुंबईत कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. कामगारांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले. दिवस उगवला की गिरणी सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणजे कामही मोठे. १८८१ चा कारखाना कायदा झाला तो फक्त मुलांपुरता. त्यातही सात वर्षांच्या पोराला नऊ तास राबवायची मुभा होतीच!

१८८० पासून लोखंडे यांनी ‘दीनबंधू’ पत्र चालवले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. मागण्या साध्याच होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. त्याच वर्षी त्यांनी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ काढली.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले. दोन कामगार बायाही तिथे बोलल्या. अखेर १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. ९ फेब्रुवारी १८९७ ला, मुंबईत प्लेगचा कहर असताना, लोखंडे गेले.

पण एक सांगितलेच पाहिजे. सुट्टी सर्वांना मिळाली, तरी आपल्या माणसाला साचेखात्यात शिरू देत नव्हते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ! आणि पगार त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला.

हक्क मागायची वाट लोखंडे यांनी पाडली. ती आपल्या उंबऱ्यापर्यंत आणली बाबासाहेबांनी. येत्या रविवारी वंदना झाल्यावर पोरांना ही दोन्ही नावे सांगू या.

जय भीम!