कवि टिळक आणि शुभवर्तमानाचें वाचन

कवि नारायण वामन टिळक यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं १८६१ सालीं झाला. ते आपल्या कॅथॉलिक पंथाचे नव्हते. तथापि त्यांचें चरित्र आपणांस बोधप्रद आहे. १८९३ सालीं नागपूरहून राजनांदगांवास जातांना आगगाडींतील एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांस नव्या कराराची प्रत दिली. आरंभीं केवळ दिलेल्या शब्दाखातर त्यांनीं ती उघडली. परंतु डोंगरावरील प्रवचनापाशीं येतांच ग्रंथ खालीं ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं स्नानसंस्कार घेतला. त्यापायीं जातगोत तुटलें. पत्नी लक्ष्मीबाई व पुत्र यांचा कित्येक वर्षें वियोग घडला. अहमदनगरास राहून त्यांनीं अध्यापन व काव्यलेखन केलें. पुढें लक्ष्मीबाई परतल्या आणि १९०० सालीं स्वतःच्या विचारानें ख्रिस्ती झाल्या. प्रभूचें काव्यमय चरित्र ‘ख्रिस्तायन’ अपुरें ठेवून टिळक ९ मे १९१९ रोजीं निवर्तले. तें लक्ष्मीबाईंनीं पूर्णत्वास नेलें.

धर्मबांधवहो, अनोळखी प्रवाशानें दिलेल्या ग्रंथानें एका घराचें जीवित पालटलें. आपल्या फडताळांत तर तोच ग्रंथ वाडवडिलांपासून आहे. त्यावर धूळ कां बसावी? दिवेलागणीस सहकुटुंब एक अध्याय तरी वाचण्याचा नेम या महोत्सवीं धरूं या.