राजास जाब विचारणारा अकाली

निहंग शिखांचीं निळीं वस्त्रें, उंच पगडीवरील पोलादी चक्रें व कमरेचीं शस्त्रें पाहून, हे लढवय्ये लोक, एवढें म्हणून आपण थांबतों. परंतु त्या शस्त्रांवर हुकमत कोणाची होती, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे; त्याचें उत्तर अकाली फुलासिंग यांच्या चरित्रांत मिळतें.

पानिपतचा संग्राम ज्या १७६१ सालीं झाला, त्याच सालीं पंजाबांत फुलासिंगांचा जन्म झाला. लहानपणींच पित्याचें छत्र हरपलें. आनंदपुरास निहंगांच्या सहवासांत ते शस्त्रविद्या व धर्मग्रंथ शिकले, आणि पुढें अमृतसर येथील अकाल तख्ताचे, म्हणजे पंथाच्या सर्वोच्च धर्मासनाचे, जथेदार झाले. त्याच काळीं महाराज रणजितसिंग यांची सत्ता वाढत होती. परंपरा अशी आहे कीं, मोरां नामक नर्तकीच्या प्रकरणीं महाराजांनीं पंथाचा आचार मोडला असा ठपका ठेवून फुलासिंगांनीं त्यांस तख्तापुढें बोलाविलें व फटक्यांची शिक्षा सांगितली. पंजाबचा धनी पाठ उघडी करून उभा राहिला. ती नम्रता पाहून संगतीनें त्यास क्षमा केली. फटक्यांची शिक्षा आज कोणत्याही न्यायासनास शोभणार नाहीं. तथापि आरोपी राजा आहे म्हणून न्याय अडला नाहीं, हें विसरूं नये.

फुलासिंग निर्दोष होते असें आमचें म्हणणें नाहीं. १८०९ सालीं इंग्रज वकील मेटकाफ यांचे मुसलमान शिपाई अमृतसरास मोहरम पाळीत असतां अकाली त्यांजवर चालून गेले. हें कृत्य आतिथ्यास व धर्मसहिष्णुतेस सोडून होतें. शिवाय त्या थोड्याशा कवायती शिपायांनीं अकाल्यांस परतविलें. पुढें मुलतान (१८१८) व काश्मीर (१८१९) या मोहिमांत फुलासिंगांनीं पराक्रम केला. १८२३ सालीं नौशेऱ्याच्या लढाईंत, तोफा येईपर्यंत थांबावें असा महाराजांचा विचार होता. परंतु प्रार्थना करून केलेला निश्चय फिरवावयाचा नाहीं म्हणून फुलासिंग पुढें झाले, आणि विजयाचा मार्ग मोकळा करून धारातीर्थीं पडले.

आतां दुसरी बाजू. १८०५ सालीं यशवंतराव होळकर इंग्रजांविरुद्ध साहाय्य मागावयास पंजाबांत गेले, तेव्हां अमृतसरास सरबत खालसा, म्हणजे सर्व पंथाची सभा, भरली होती. त्यानंतर रणजितसिंगांनीं राज्याच्या प्रश्नांसाठीं ती सभा बोलाविली नाहीं. खासगी आचाराचा जाब तख्तापुढें देणारा राजा राज्यकारभाराचा जाब कोणास देईना. सर्व भार एका पुरुषावर राहिला. तो १८३९ सालीं निवर्तला, आणि १८४९ सालीं राज्य इंग्रजांच्या घशांत गेलें.

मुनीम कितीही विश्वासू असला तरी व्यापारी दिवाळीस त्याची वही तपासतो, आणि त्यांत कोणी मुनिमाचा अपमान मानीत नाहीं. हाच न्याय नगरपालिकेच्या अध्यक्षास, देवस्थानाच्या पंचांस व आपल्या पुढाऱ्यांस लावण्याचा धीर आपणांत आहे काय? फुलासिंगांचें स्मरण करणें म्हणजे तलवार मिरविणें नव्हे; सत्तेचा मान राखून तिजपाशीं हिशेब मागणें होय.