कांचीपुरमचे अण्णा

राज्यशास्त्राचा अभ्यास करताना मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो सी. एन. अण्णादुराई यांच्या जीवनाने. १९०९ साली कांचीपुरमच्या एका विणकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. एम. ए. होऊन ते पेरियार रामस्वामींचे अनुयायी झाले. नाटके, चित्रपटकथा आणि ओघवते वक्तृत्व यांच्या बळावर त्यांनी तमिळ मन जिंकले. १९४९ मध्ये गुरूपासून दूर होऊन त्यांनी द्रविड मुन्नेत्र कळघम हा पक्ष स्थापला.

स्वतंत्र द्रविडनाडू हे त्यांचे स्वप्न होते. परंतु १९६२ चे चिनी आक्रमण आणि पाठोपाठ फुटीर प्रचाराला बंदी घालणारी १९६३ ची घटनादुरुस्ती यांनंतर त्यांनी ती मागणी सोडली. मला ही माघार वाटत नाही. देश सोडला असता तर पक्ष उरला नसता. भाषा सोडली असती तर अण्णा उरले नसते. त्यांनी दोन्ही राखले.

१९६७ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. स्वाभिमान-विवाहांना कायद्याची मान्यता मिळाली, द्विभाषा सूत्र आले आणि जानेवारी १९६९ मध्ये मद्रास राज्य तमिळनाडू झाले. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, ३ फेब्रुवारीला, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. भाषेवरील प्रेम आणि देशाची एकता यांत वैर नसते, हे या जीवनाने मला शिकवले.