युजेन सँडो

सँडोचा जन्म १८६७ सालीं प्रशियांतील कोनिग्सबर्ग शहरीं झाला. रंगभूमीवर शक्तीचे प्रयोग करून त्यानें कीर्ति मिळविली. परंतु त्याचें खरें कार्य शिक्षकाचें होय. १८९७ सालीं त्यानें लंडनमध्यें व्यायामशाळा काढली. शिष्याचें वय व शरीराचें माप पाहून तो व्यायाम नेमून देई. हलक्या डंबेल्सनीं आरंभ करावा, आवर्तनें क्रमाक्रमानें वाढवावीं व मन स्नायूवर एकाग्र करावें, ही त्याची पद्धति. १९०१ सालीं त्यानें भरविलेल्या शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेंत केवळ मोठ्या स्नायूंना नव्हे, तर प्रमाणबद्धतेला व आरोग्यालाही मान होता. १९२५ सालीं तो वारला. कित्येक वर्षें त्याच्या थडग्यावर नांवाचा दगडही नव्हता. तथापि, विद्यार्थिमित्रहो, अल्प आरंभ व नित्य वाढ हा त्याचा धडा व्यायामशाळांतून आजही गिरविला जातो.